संगणक बंद करण्याचा हक्क समोर बसलेल्याचा

शाळेच्या संगणक कक्षात, गावातल्या वाचनालयात किंवा चौघांनी मिळून वापरायच्या घरच्या संगणकावर लिनक्स बसवले, की व्यवस्था पाहणाऱ्याला एक गोष्ट ठरवावी लागते: मशीन बंद करण्याची परवानगी कोणाकोणाला द्यायची? सावध माणसाचे पहिले उत्तर असते, 'फक्त मला.' मशीन बंद करणे हे मोठे काम, ते रूट या सर्वाधिकारी खात्याकडेच राहावे, असे लिनक्सचे जुने वळण आहे. मग मेनूतले 'शट डाउन' लपवले जाते, किंवा ते दाबले की व्यवस्थापकाचा पासवर्ड मागितला जातो.

आता संध्याकाळी शाळा सुटताना काय होते ते पाहा. विद्यार्थ्याला मशीन बंद करून निघायचे आहे. पासवर्ड सरांना ठाऊक आहे आणि सर दुसऱ्या मजल्यावर आहेत. मुलगा पॉवरचे बटण दाबून धरतो किंवा भिंतीवरचा स्विच खाली करतो. मशीन बंद होतेच, फक्त वाईट रीतीने.

सामायिक संगणकाची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाने म्हणूनच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या हाताशी विजेचा स्विच असतोच. तो त्याच्यापासून काढून घेता येत नाही. तेव्हा नीट बंद करण्याची वाट त्याला मोकळी करून द्यायला हवी, आणि त्या परवानगीसोबत दुसरा कोणताही अधिकार त्याच्या हाती जाणार नाही, हेही पाहायला हवे. लिनक्समध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात.

लेखात आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत. नावातले आकडेही इंग्रजीच टाइप करावेत.

वीज तोडली की काय बिघडते

आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा ती त्याच क्षणी डिस्कवर उतरते असे नाही. लिनक्सचा कर्नल ती आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर लिहितो. सर्वसाधारण मांडणीत हे लिहिणारे काम दर ५ सेकंदांनी जागे होते आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर पाठवते. यामुळे मशीन चपळ चालते, पण मधल्या वेळात वीज गेली तर मेमरीतले सगळे जाते.

आज बहुतेक लिनक्सवर असलेली ईएक्सटी-४ ही फाइलव्यवस्था २००८ च्या डिसेंबरात कर्नलमध्ये अधिकृतपणे दाखल झाली. ती होऊ घातलेल्या बदलांची नोंद आधी जर्नलमध्ये करते. अचानक वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना जर्नल वाचून ती आपली मांडणी सावरते. त्यामुळे आज एका झटक्यात सगळी डिस्क वाचेनाशी होणे क्वचित घडते. पण जर्नल सांभाळते ती फाइलव्यवस्थेची रचना. तुमच्या निबंधातला शेवटचा परिच्छेद, हिशेबाची ताजी नोंद किंवा पेन ड्राइव्हवर चाललेली कॉपी वाचेलच, याची हमी जर्नल देत नाही.

सर्वांत वाईट वेळ असते ती अपडेटची. नव्या आवृत्तीच्या अर्ध्याच फाइली जागेवर आल्या असताना वीज तोडली, तर ते पॅकेज ना जुने राहते ना नवे. डेबियन आणि उबुंटूवर मग 'डीपीकेजी' या साधनाला राहिलेली मांडणी पूर्ण करायला सांगावे लागते. कर्नलचेच अपडेट अर्धवट राहिले असेल, तर मशीन सुरू होण्यातही अडचण येऊ शकते. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकांना हा धोका अधिक, कारण त्यांची सगळी व्यवस्था बहुधा एका मेमरी कार्डावर असते. शिवाय पाचव्या पिढीपर्यंत त्यांना पॉवरचे बटणच नव्हते, त्यामुळे वायर ओढण्याची सवय लागते.

नीट बंद करताना याच्या उलट घडते. सेवा सुरू आणि बंद करणारी सिस्टिम-डी ही व्यवस्था प्रत्येक प्रोग्रामला 'आवरते घ्या' असा संकेत देते. जो आवरत नाही त्याच्यासाठी साधारणपणे ९० सेकंदांपर्यंत थांबते आणि मगच त्याला सक्तीने बंद करते. मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो, डिस्का मोकळ्या होतात आणि शेवटी वीज तुटते. कधी पडद्यावर 'ए स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ येऊन सेकंद मोजले जाताना दिसतात. तिथेच माणसांचा धीर सुटतो. तेव्हा दीड-दोन मिनिटे थांबायचे, हे वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

परवानगी ठरते कशी

पूर्वी 'शटडाउन' ही आज्ञा रूटलाच देता येत असे. युनिक्सच्या परंपरेत एका मोठ्या यंत्रावर अनेक जण दुरून काम करत. एकाच्या लहरीने सगळ्यांचे काम बुडू नये, म्हणून ते बंधन योग्यच होते. टेबलावरच्या संगणकाला ते तसेच लागू पडत नाही.

सिस्टिम-डी २०१० मध्ये आली आणि पुढे बहुतेक वितरणांनी ती स्वीकारली. डेबियनने २०१५ मधल्या आठव्या आवृत्तीत आणि उबुंटूने त्याच वर्षीच्या १५.०४ मध्ये ती मूळ व्यवस्था म्हणून घेतली. तिच्यातला 'लॉगिन-डी' हा भाग कोण, कुठून, कोणत्या पडद्यावर लॉगिन झाले आहे याची नोंद ठेवतो. 'पोलकिट' हा दुसरा घटक त्या नोंदीवरून परवानगी देतो किंवा नाकारतो.

पोलकिट तीन परिस्थिती वेगवेगळ्या धरते. पहिली, माणूस प्रत्यक्ष मशीनसमोर आहे आणि त्याचेच सत्र पडद्यावर चालू आहे. दुसरी, तो याच मशीनवर लॉगिन आहे, पण त्याचे सत्र मागे गेले आहे आणि पडद्यावर दुसरेच कोणी काम करत आहे. तिसरी, इतर कोणताही मार्ग, उदाहरणार्थ एसएसएचने दुरून आलेला माणूस. मशीन बंद करण्याबाबत मूळ नियम असा आहे की पहिल्याला पासवर्ड न विचारता परवानगी द्यावी, आणि उरलेल्या दोघांकडे व्यवस्थापकाचा पासवर्ड मागावा.

आपल्याला हवे ते बहुतेक यातच आले. हा मूळ नियम मोडू नये, आणि कोणी मोडला असेल तर तो परत जागेवर आणावा, एवढेच काम अनेक ठिकाणी उरते.

आधी तपासणी

काहीही बदलण्यापूर्वी व्यवस्थापकाचे हक्क नसलेल्या साध्या खात्याने लॉगिन करा. मेनूतून 'पॉवर ऑफ' किंवा 'शट डाउन' निवडा. मशीन बंद झाले, तर तुमचे काम झाले आहे.

मेनूत पर्यायच दिसत नसेल किंवा पासवर्ड मागितला जात असेल, तर त्याच खात्यातून टर्मिनल उघडून 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ' ही आज्ञा द्या. तिच्या आधी 'सुडो', म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे साधन, लावू नका. आज्ञेने मशीन बंद झाले, तर परवानगी ठीक आहे आणि अडचण डेस्कटॉपच्या मांडणीत आहे. आज्ञेनेही पासवर्ड मागितला, तर 'लॉगिनसीटीएल' चालवून चालू सत्रांची यादी पाहा. आपले सत्र यादीत नसेल किंवा ते सक्रिय म्हणून नोंदलेले नसेल, तर पोलकिटला तुम्ही समोर बसला आहात हे कळलेलेच नाही. हाताने जुळवलेल्या हलक्या डेस्कटॉपवर असे होऊ शकते. तिथे नवे नियम लिहिण्यापेक्षा लॉगिनची मांडणी दुरुस्त करणे अधिक चांगले.

लॉगिनचा पडदाही पाहा. तिथे बंद करण्याचे बटण साधारणपणे असते आणि त्यासाठी लॉगिन करावे लागत नाही. काही संस्थांत ते मुद्दाम लपवलेले असते. संगणक कक्षात ते दाखवलेलेच बरे. लॉग आउट होऊन उठलेल्या मुलाला मशीन बंद करायला दुसरी वाट नसेल, तर त्याचा हात स्विचकडेच जाणार.

परवानगी द्यायची कशी

मूळ नियम पुरत नसेल तेव्हाच पुढे जा. उदाहरणार्थ, सगळ्यांना पासवर्ड लागावा पण मॉनिटर मुलांना आणि ग्रंथपालांना लागू नये, अशी गरज असू शकते. त्यासाठी एक वेगळा गट तयार करा आणि त्या खात्यांना त्यात घ्या. मग 'ईटीसी' फोल्डरातल्या 'पोलकिट-१' मधील 'रूल्स.डी' या फोल्डरात, शेवटी '.रूल्स' असलेली एक फाइल ठेवा. नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहितात आणि त्यात तीन अटी घालायच्या असतात: मागितलेले काम लॉगिन-डीचे 'पॉवर-ऑफ' आहे, मागणारा त्या गटात आहे, आणि तो 'लोकल' व 'ॲक्टिव्ह' आहे. तिन्ही जुळल्या तरच 'यस' असे उत्तर द्यावे, आणि त्याच कामासाठी इतरांकडे व्यवस्थापकाचा पासवर्ड मागावा. तिसरी अट विसरू नका. ती नसेल, तर त्या गटातला कोणीही दुरून लॉगिन होऊन दुसऱ्याच्या हातातले मशीन बंद करू शकेल.

पुन्हा सुरू करणे, म्हणजे 'रीबूट', हे पोलकिटच्या दृष्टीने वेगळे काम आहे. तेही द्यायचे असेल, तर त्याचे नाव नियमात स्वतंत्र लिहावे लागते. आणखी एक गोष्ट: डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ पर्यंत पोलकिटची जुनी आवृत्ती होती. तिथे जावास्क्रिप्टचे नियम चालत नाहीत, 'पीकेएलए' प्रकारची फाइल लागते. नियम लिहूनही फरक पडत नसेल, तर आधी आपली आवृत्ती पाहा.

सुडोचा मार्ग शेवटचा समजा. जिथे पोलकिट नाहीच, तिथे तो कामाला येतो. नोंद नेहमी 'व्हीआयसुडो' या साधनानेच करा, कारण सेव्ह करण्यापूर्वी ते लेखनाची चूक पकडते. सुडोची फाइल चुकली, तर तुमचीच व्यवस्थापकाची वाट बंद होऊ शकते. नोंदीत गटाला फक्त 'पॉवरऑफ' ही एकच आज्ञा, पूर्ण पत्त्यासह, पासवर्डविना द्या आणि आज्ञेपुढे दोन रिकामी दुहेरी अवतरणचिन्हे लिहा. त्यांचा अर्थ, आज्ञेला पुढे काहीही जोडता येणार नाही. ती नसतील, तर कोणीही 'पॉवरऑफ'ला सक्तीचा पर्याय जोडू शकतो. सक्तीने बंद करताना प्रोग्रामना आवरायला वेळ मिळत नाही, आणि तो पर्याय दोनदा दिला तर डिस्काही मोकळ्या होत नाहीत, म्हणजे जो धोका टाळायचा होता तोच परत येतो.

हे मात्र करू नका

जुन्या मार्गदर्शनात 'शटडाउन' या फाइलवर सेटयूआयडी लावण्याचा सल्ला आढळतो, म्हणजे कोणीही चालवली तरी ती रूटच्या अधिकाराने चालते. आज तो अतिशय घातक आहे. सिस्टिम-डी असलेल्या लिनक्सवर 'शटडाउन', 'पॉवरऑफ' आणि 'रीबूट' ही सगळी नावे 'सिस्टिमसीटीएल' या एकाच प्रोग्रामकडे बोट दाखवतात. एका नावाला दिलेला अधिकार त्या मूळ प्रोग्रामला लागतो, आणि मशीनवरच्या सगळ्या सेवा चालवण्या-थांबवण्याचे ते साधन प्रत्येकाच्या हाती रूटच्या बळाने येते. सुडोमध्ये संपूर्ण 'सिस्टिमसीटीएल' मोकळे करणेही याच कारणाने टाळा.

बंद करता यावे एवढ्यासाठी कोणाला व्यवस्थापकांच्या गटात घेऊ नका. रूटचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका, मॉनिटर मुलालाही सांगू नका. मशीन बंद करण्याचा अधिकार फार छोटा आहे, त्यासाठी अख्खे मशीन देण्याची गरज नाही.

दुसरे कोणी आत असेल तर

घरच्या संगणकावर मुलीने आपले खाते उघडे ठेवून 'स्विच युजर' केले आणि वडिलांनी काम संपवून मशीन बंद केले, तर मुलीचे सेव्ह न केलेले काम जाते. यासाठी पोलकिटमध्ये 'इतर सत्रे चालू असताना बंद करणे' अशी वेगळी परवानगी आहे. काही ठिकाणी तिच्यासाठी पासवर्ड मागितला जातो, काही ठिकाणी नुसती सूचना दिसते. सामायिक मशीनवर या परवानगीला व्यवस्थापकाचा पासवर्ड लावावा, असे माझे मत आहे. कक्षात 'स्विच युजर' बंद करून प्रत्येकाने लॉग आउट करूनच उठण्याची पद्धत ठेवली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

प्रोग्रामही 'आत्ता बंद करू नका' अशी विनंती नोंदवू शकतात. अपडेट करणारी साधने, सीडी लिहिणारे प्रोग्राम हे करतात. 'सिस्टिमडी-इनहिबिट' या आज्ञेला 'लिस्ट' हा पर्याय दिला, तर कोणी अडवून धरले आहे ते दिसते. ही अडवणूक डावलण्याची परवानगी सामान्य वापरकर्त्याला देऊ नका. अपडेट मध्येच तोडले जाऊ नये, म्हणूनच ती असते.

पॉवरचे बटण

पॉवरचे बटण एकदा दाबून सोडले, तर वीज थेट तुटत नाही. तो संकेत लॉगिन-डीकडे किंवा डेस्कटॉपकडे जातो. काय करायचे ते तुम्ही ठरवू शकता. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ते मूळ मांडणीत मशीन झोपवते. 'सेटिंग्ज'मधल्या 'पॉवर' विभागात ते बदलून बंद करण्यावर ठेवता येते. कक्षात हा बदल जरूर करा. बटण दाबले की मशीन नीट बंद होते, हे मुलांना एकदा समजले, की भिंतीवरचा स्विच शोधण्याचे कारण राहत नाही. मात्र तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरले, तर लिनक्सला न विचारता वीज तुटते. 'दाबून सोडणे' आणि 'दाबून धरणे' यातला फरक प्रत्येकाला हाताने करून दाखवा.

लाइट गेली तर

वीज जाणे आपल्या हाती नसते, पण तयारी असते. यूएसबीने संगणकाला जोडता येणारा यूपीएस असेल, तर तो बॅटरीची स्थिती लिनक्सला कळवू शकतो. डेस्कटॉपवर 'यूपॉवर' हा घटक ती वाचतो. त्याच्या मांडणीच्या फाइलीत, बॅटरी अगदी संपत आली की मशीन बंद करावे, असे लिहिता येते. एका यूपीएसवर अनेक मशीन असतील, तर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' वापरावे. एक मशीन यूपीएसवर लक्ष ठेवते आणि बाकीच्यांना वेळेत बंद व्हायला सांगते.

यूपीएसला यूएसबी जोडणी नसेल किंवा कक्ष इन्व्हर्टरवर चालत असेल, तर वीज गेल्याचे मशीनला कळतच नाही. तिथे काम माणसालाच करावे लागते. लाइट गेली की लगेच सेव्ह करायचे, पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढायचा आणि मेनूतून बंद करायचे. बॅटरी अजून आहे म्हणून काम ओढत राहायचे नाही.

मशीन अडकले तर

माउस हलत नाही, पडदा गोठला आहे, तरीही स्विचकडे जाण्याआधी दोन वाटा आहेत. पहिली: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. बहुतेक वेळा काळा पडदा येतो. तिथे आपल्या साध्या खात्याने लॉगिन करून 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ' द्या. तुम्ही समोरच बसलेले असल्याने ही आज्ञा तिथेही चालते.

दुसरी वाट कर्नलशी थेट बोलण्याची. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, मग यू, मग ओ ही अक्षरे प्रत्येकी काही सेकंदांच्या अंतराने दाबा. एसने मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो, यूने डिस्का फक्त वाचण्यापुरत्या होतात आणि ओने मशीन बंद होते. उबुंटूत ही कामे सुरुवातीपासून चालू ठेवलेली असतात. उघडे प्रोग्राम यात वाचत नाहीत, पण फाइलव्यवस्था सावरलेली राहते. हेही चालले नाही, तरच बटण दाबून धरा.

भिंतीवर लावण्यासाठी

प्रत्येक सामायिक मशीनजवळ मोठ्या अक्षरांत हे लिहून लावा:

१. काम सेव्ह करा, उघडे प्रोग्राम बंद करा.
२. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करा, मगच काढा.
३. मेनूतून 'शट डाउन' निवडा, किंवा पॉवरचे बटण एकदाच दाबून सोडा.
४. पडदा काळा होऊन मशीनचा दिवा विझेपर्यंत थांबा. दोन मिनिटे लागू शकतात.
५. अपडेट चालू असल्याची सूचना दिसली, तर काही तोडू नका, शिक्षकांना सांगा.
६. दिवा विझल्यावरच भिंतीवरचा स्विच बंद करा.

पाठपुरावा

व्यवस्थापकाने महिन्यातून एकदा 'जर्नलसीटीएल' या साधनाने मागच्या सत्राच्या शेवटच्या ओळी पाहाव्यात. मशीन नीट बंद झाले असेल, तर सेवा थांबल्याच्या आणि डिस्का मोकळ्या झाल्याच्या नोंदी दिसतात. नोंदी मध्येच तुटल्या असतील, तर वीज अचानक गेली किंवा तोडली गेली. एकाच मशीनवर हे वारंवार दिसले, तर वापरणाऱ्याला रागावण्याआधी स्वतः साध्या खात्याने लॉगिन करून त्या मशीनवर बंद करण्याची वाट खरोखर मोकळी आहे का, ते पाहा.

कक्ष बंद झाल्यावरही चालू राहिलेल्या मशीनसाठी 'शटडाउन' या आज्ञेला ठरावीक वेळ देता येते, आणि 'सी' हा पर्याय देऊन ती रद्दही करता येते. वेळ न देता ती चालवली, तर एक मिनिटाने मशीन बंद होते. तिची सूचना टर्मिनलवर येते, पण चित्रमय डेस्कटॉपवर काम करणाऱ्याच्या नजरेस ती पडेलच असे नाही. म्हणून बंद होण्याची वेळ कक्षाच्या दारावरही लिहा.

सामायिक संगणक टिकतो तो वापरणाऱ्यांच्या हातून. योग्य गोष्ट करणे त्यांच्यासाठी सर्वांत सोपे असेल, तर ते तीच करतील. तपासणी, आवश्यक तो एखादा नियम आणि भिंतीवरचा कागद, हे एका कक्षासाठी एका दुपारचे काम आहे. पुढच्या सुटीच्या आधी ते उरकून घ्या.